आंब्याची वेबसाइट गुगलवर वर कशी आणायची, तीही एजन्सीला पैसे न देता

आंबा विकणारे बरेच जण वेबसाइटच्या बाबतीत एप्रिलमध्ये जागे होतात. पेट्या भरायला लागल्या की आठवतं, अरे आपली साइट तर गुगलवर कुठेच दिसत नाही, आणि मग 'सात दिवसांत पहिल्या पानावर आणून देतो' असं सांगणाऱ्या कुणालातरी दहा-पंधरा हजार देऊन मोकळे होतात. कृपा करून हे करू नका. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीही देऊ शकत नाही हे खुद्द गुगलनेच लिहून ठेवलंय, आणि साइटवर केलेले बदल गुगलच्या लक्षात येऊन त्याचा परिणाम दिसायला कधी काही आठवडे तर कधी काही महिने जातात. म्हणजे एप्रिल-मेच्या विक्रीसाठी हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हातात घ्यायचं, झाडाला मोहोर यायच्या आधी.

मी रत्नागिरी-देवगडकडचा छोटा बागायतदार डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण ती कामं मी जवळून बघतो. तुमचं काजू-कोकमचं दुकान असेल किंवा दापोलीला होमस्टे असेल तरी बहुतेक गोष्टी त्याच, फक्त आंब्याच्या जागी तुमचा माल टाका.

आधी बघा, गुगलला तुमची साइट वाचता तरी येते का

गुगलच्या सर्चमध्ये 'साइट' हा शब्द इंग्रजीत टाइप करा, त्याला चिकटून कोलन, आणि मधे जागा न सोडता तुमचा पत्ता. जी पानं दिसतील ती गुगलकडे आहेत असं ढोबळमानाने समजा. काहीच आलं नाही तर रँकिंगचा विचार नंतर, तुम्ही अजून शर्यतीतच नाही. वर्डप्रेसवर साइट असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा, तिथे सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये अशा अर्थाची एक टिक असते. साइट बनवताना ती लावून ठेवतात आणि साइट चालू झाल्यावर काढायची विसरतात, हे इतक्या वेळा बघितलंय की आता कुणी 'साइट दिसत नाही' म्हणालं की मी पहिल्यांदा तिथेच जातो.

मग गुगल सर्च कन्सोल सुरू करा, तुमची साइट सर्चमध्ये कशी चाललीय ते दाखवणारं गुगलचंच साधन, ते फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करायला डोमेन जिथून घेतलं तिथल्या सेटिंगमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गुगलने दिलेली एक ओळ, टाकावा लागतो, जमत नसेल तर साइट बनवणाऱ्याला सांगा, किरकोळ काम आहे, पण खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा. त्याच्या ईमेलवर उघडलं आणि उद्या त्याच्याशी बिनसलं तर सगळी माहिती त्याच्याकडे राहते. आत गेल्यावर साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी असलेल्या फाइलचा, पत्ता द्या आणि पेजेसचा रिपोर्ट बघा. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ गुगल येऊन पान बघून गेलं पण ठेवून घ्यावंसं त्याला वाटलं नाही, आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं की पानावर दोन ओळी आणि एक फोटो सोडून काही नाही.

मराठी साइटचा एक खास घोळ म्हणजे फॉन्ट. माहितीपत्रक छापून देणाऱ्याने मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि तोच कुणीतरी उचलून साइटवर टाकतो. तो फॉन्ट असेल तर तुम्हाला ते मराठी दिसतं, पण आतमध्ये नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गाळ असतो, गुगलच्या दृष्टीने तिथे 'हापूस' हा शब्दच नसतो. तपासायची सोपी रीत म्हणजे पानावरची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करायची, मराठी उमटलं तर युनिकोड आहे, म्हणजे कुठेही वाचता येणारा मजकूर, कचरा उमटला तर कन्व्हर्टरमधून काढून घ्या किंवा सरळ पुन्हा टाइप करा. तसंच बॅनरचं. भाव, पत्ता, डिलिव्हरीची शहरं हे सगळं एका रंगीत फोटोत डिझाइन करून टाकलेलं असतं, दिसायला मस्त, पण फोटोतल्या अक्षरांच्या भरवशावर राहू नका, तेच पानावर साध्या मजकुरात पण लिहा.

लोक काय टाइप करतात

इथे खरी मेहनत आहे आणि इथेच लोक कंटाळा करतात. आपण साइटवर लिहितो 'कोकणच्या लाल मातीतला अस्सल सुवर्णठेवा', आणि असं काही शोधणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात नाही. लोक शोधतात हापूस आंबा भाव, रत्नागिरी हापूस पुण्यात घरपोच, देवगड हापूस एक डझन किंमत. आणि हे तीन तऱ्हांनी शोधतात, कुणी देवनागरीत, कुणी रोमन अक्षरांत मराठी, कुणी सरळ इंग्रजीत 'अल्फान्सो मँगो ऑनलाइन' म्हणून. बंगळुरू-हैदराबादचं गिऱ्हाईक तर तिसऱ्याच तऱ्हेने येणार. म्हणून मराठी पान वेगळं आणि इंग्रजी पान वेगळं ठेवा, दोघांचे पत्ते वेगळे, आणि एकमेकांना एचरेफलँगने जोडलेले, ही कुठलं पान कुठल्या भाषेतलं ते गुगलला सांगणारी कोडमधली खूण. एकाच पानावर एक वाक्य मराठी, एक इंग्रजी अशी खिचडी नको. कोपऱ्यात भाषांतराचं बटण लावून पण काही होत नाही, ते भाषांतर वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होतं, त्याचं वेगळं पान गुगलकडे जात नाही.

शब्द शोधायला महागडी टूल्स लागत नाहीत. गुगलच्या खोक्यात 'हापूस आंबा' टाइप करून थांबा, खाली जी यादी उघडते ती लोकांचीच. तेच रोमनमध्ये करा, यादी बदलेल. गुगल ट्रेंड्सवर 'अल्फान्सो' टाकून महाराष्ट्र निवडा, उन्हाळ्यातला उंचवटा स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल आणि काम कधी सुरू करायचं तेही कळेल. पण सगळ्यात भारी खजिना तुमच्याच फोनमध्ये आहे, गेल्या सीझनचे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज. वरपासून वाचत या आणि गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. पेटीत किती येतात? कच्चे पाठवणार का पिकलेले? नाशिकला किती दिवसांत पोचेल? फ्रीजमध्ये ठेवायचे का? आतून खराब निघाला तर बदलून देणार का? चार डझनाची पेटी पाच डझनापेक्षा महाग कशी काय?

शेवटचा प्रश्नच घ्या. तुम्हाला माहितीये की पेटी तेवढीच, फळ मोठं असलं की कमी बसतं, म्हणून चार डझनाच्या पेटीतलं फळ सहा डझनाच्या पेटीतल्या फळापेक्षा मोठं आणि डझनाचा भाव जास्त. पुण्यातल्या माणसाला हे माहीत नसतं, त्याला वाटतं आपल्याला फसवतायत. यावर एक पान लिहा, नाव द्या 'हापूसच्या पेटीत किती आंबे असतात, चार, पाच आणि सहा डझनात फरक काय', खाली तिन्ही पेट्यांचे वरून काढलेले फोटो, प्रत्येकातल्या एका फळाचं वजन काट्यावर ठेवून, आणि कोणती पेटी कुणी घ्यावी हे मोकळेपणाने सांगा, म्हणजे आमरसासाठी सहा डझनी चालेल, कुणाला भेट द्यायची तर चार डझनी घ्या वगैरे. असं पान कुठल्या एजन्सीच्या पोराला लिहिता येणार नाही, आणि गुगलला जे हवंय ते नेमकं हेच. डिसेंबर 2022 मध्ये गुगलने पानांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या सूचनांत 'अनुभव' हा मुद्दा मुद्दाम वाढवला, लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केलीय का हे बघायला.

दुसरा असाच प्रश्न साक्याचा, म्हणजे आंबा आतून पांढरा, स्पंजसारखा निघण्याचा. याबद्दल बागायतदार बोलायला घाबरतात, आपल्याच मालाची बदनामी कशाला म्हणून. पण गिऱ्हाईक शोधतंच, 'आंबा आतून पांढरा', 'हापूस आतून स्पंजसारखा', आणि तुम्ही नाही सांगितलं तर भलतंच कुणीतरी सांगणार की इंजेक्शन मारलंय. त्यापेक्षा तुम्ही लिहा की साका बाहेरून दिसत नाही, कापल्याशिवाय कळत नाही, हा रोग किंवा कीड नाही, हापूस या जातीचाच दोष आहे, म्हणून तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' ही जात 1981 मध्ये काढली, तिच्यात साका होत नाही. आणि खाली एका ओळीत तुमचा नियम, कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा, तेवढे पैसे परत. ही ओळ वाचून ऑर्डर देणारे लोक असतात. आंबे पिकवायला अढी कशी लावायची, भाताचा पेंढा नसेल तर फ्लॅटमध्ये काय वापरायचं, कच्चा आंबा फ्रीजमध्ये का ठेवायचा नाही, आंबा पिकवायला वापरतात त्या कार्बाइड आणि इथिलीन यात फरक काय, एकेक विषय म्हणजे एकेक पान.

प्रत्येक पानाचं टायटल नीट लिहा, सर्चमध्ये निळ्या अक्षरांत जे दिसतं ते. बऱ्याच साइटवर टायटल असतं नुसतं 'होम' किंवा बागेचं नाव. त्याऐवजी 'रत्नागिरी हापूस थेट बागेतून, पुणे-मुंबई घरपोच' असं काहीतरी आणि मग बागेचं नाव. महत्त्वाचे शब्द आधी घ्या, कारण मोबाइलवर शेपूट कापलं जातं. खालच्या दोन ओळींच्या डिस्क्रिप्शनने रँकिंग वाढत नाही, पण वाचून बोट कुठल्या लिंकवर जाईल ते त्यावर ठरतं, तेव्हा तिथे भाव कुठल्या महिन्यात खुले होतात, डिलिव्हरी किती दिवसांत, असं कामाचं लिहा. गुगल कधीकधी टायटल आणि डिस्क्रिप्शन स्वतःच्या मनाने बदलतं, त्याचं टेन्शन घेऊ नका.

दोन मोठे सापळे

पहिला सापळा शहरांच्या पानांचा. कुणीतरी सल्ला देतं की पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, ठाणे, प्रत्येकाचं एक पान बनवा, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदला. याला गुगल डोअरवे पेज म्हणतं आणि ते त्यांच्या स्पॅमच्या नियमांत सरळ बसतं. शहराचं पान तेव्हाच करा जेव्हा सांगायला खरंच काही वेगळं आहे, म्हणजे पुण्याला तुमची स्वतःची गाडी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, कोथरूडला अमुक ठिकाणी पेटी घेता येते, सिंहगड रोडला घरपोच, भाडं इतकं. नागपूरला कुरिअरनेच जाणार असेल तर ते डिलिव्हरीच्या एकाच पानावर एका परिच्छेदात लिहा, पुरे.

दुसरा सापळा वर्षाचा. पानाच्या पत्त्यातच साल टाकतात, हापूस-2024, मग पुढच्या वर्षी नवीन पान हापूस-2025, आणि जुनं डिलीट. जुन्या पानाने वर्षभरात जे काही कमावलं, कुणी लिंक दिली असेल, गुगलला त्याची ओळख पटली असेल, ते सगळं पाण्यात. पत्ता कायम एकच ठेवा, साल फक्त टायटलमध्ये आणि मजकुरात बदला. आधीच असली पानं करून बसला असाल तर ती 301 रीडायरेक्टने, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणाऱ्या सोयीने, मुख्य पानाकडे वळवा. आणि जूनमध्ये माल संपला म्हणून पान बंद करू नका, तिथे लिहा की यंदाचा आंबा संपला, पुढचं बुकिंग अमुक महिन्यात, तोपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर नाव नोंदवा. पावसाळ्यात येणारे दहा-वीस लोक पण पुढच्या सीझनचं गिऱ्हाईक आहे.

नकाशावर

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, पूर्वी त्याला गुगल माय बिझनेस म्हणायचे. नकाशात कोण वर दिसणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं, शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध, शोधणाऱ्यापासून तुमचं अंतर, आणि तुमचं नाव किती चालतं. यातलं अंतर तुमच्या हातात नाही. तुमची बाग पावसला आहे तर पुण्यातल्या माणसाने 'जवळचा आंबेवाला' शोधल्यावर तुम्ही दिसणार नाही, हे मान्य करून टाका. काही जण त्यावर उपाय म्हणून पुण्यातल्या मेव्हण्याच्या फ्लॅटचा पत्ता टाकतात, मग कधीतरी प्रोफाइल सस्पेंड होतं, तेही नेमकं सीझनमध्ये, आणि परत मिळवता मिळवता मे महिना निघून जातो. पण गणपतीपुळ्याला फिरायला आलेली माणसं जवळपास आंबा कुठे मिळतो ते शोधतातच, त्यांच्यासाठी हे प्रोफाइल सोनं आहे. बागेत यायचा रस्ता, गाडी कुठपर्यंत येते, फोन कधी उचलता, ताजे फोटो, हे सगळं भरा. नावात मात्र नुसतं बागेचं नाव लिहा, त्याला 'बेस्ट हापूस इन रत्नागिरी होलसेल' अशी शेपटी लावली तर तक्रार होऊ शकते.

रिव्ह्यू मागायला लाजू नका, पेटीसोबत एक चिठ्ठी टाका त्यावर क्यूआर कोड. फक्त रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट किंवा एक डझन फुकट असलं काही करायचं नाही, ते नियमात बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर शांतपणे उत्तर द्या, नवीन माणूस आधी तेच उघडून वाचतो.

हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुमची त्यात वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर प्रमाणपत्राचा नुसता फोटो लावून थांबू नका, नोंदणी क्रमांक मजकुरात लिहा, बागेचं गाव लिहा, कलमं किती वर्षांची आहेत ते लिहा. कर्नाटकी आंबा हापूस म्हणून खपवला जातो हे आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे गिऱ्हाईक हे असले पुरावेच शोधत असतं.

फोटो, स्पीड आणि बाकीचं तांत्रिक

यात फार अडकू नका. गुगल आता साइटची मोबाइलची आवृत्तीच बघतं, त्यामुळे लॅपटॉपवर कशी दिसते याला फारसा अर्थ नाही. सगळ्यात मोठं पाप म्हणजे फोनवरून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच्या तसे चढवणं आणि वरती त्यांचा फिरता स्लायडर. वरती एकच फोटो ठेवा, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून, शे-दोनशे केबीत बसवा. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग तपासायच्या साधनात पत्ता टाकून बघा, मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांत काहीतरी हललं पाहिजे, आणि वाचता वाचता मजकूर खाली-वर उड्या मारता कामा नये. एवढं झालं की थांबा, शंभरपैकी शंभर मिळवायच्या मागे लागून एकही पेटी जास्त विकली जात नाही. फोटोच्या अल्टमध्ये, म्हणजे फोटोच्या वर्णनाच्या रकान्यात, काय दिसतंय ते लिहा, 'पाच डझनी पेटी, भाताच्या पेंढ्यात भरलेला हापूस', तिथे कीवर्डची माळ नको.

साइटला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, हवंच. मेटा कीवर्ड्स नावाचा जो रकाना असतो तो रिकामा सोडा, रँकिंगसाठी आपण तो बघत नाही हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय, तरी आजही कोटेशनमध्ये 'मेटा कीवर्ड्स, 50 पाने' असं लिहिलेलं सापडतं. तेच एफएक्यू स्कीमाचं, स्कीमा म्हणजे पानावरची माहिती गुगलला नीट कळावी म्हणून कोडमध्ये टाकलेल्या खुणा आणि एफएक्यू म्हणजे नेहमीचे प्रश्न, सर्चमध्ये प्रश्नोत्तरं उघडून दाखवणं गुगलने ऑगस्ट 2023 मध्ये सरकारी आणि आरोग्याच्या नावाजलेल्या साइट सोडून बाकी सगळ्यांचं बंद केलं, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. विकायच्या पानावर प्रॉडक्टचा स्कीमा मात्र लावून घ्या, भाव आणि माल शिल्लक आहे का ते त्यात जातं. पण भाव रोज बदलत असेल तर तिथेही बदलला पाहिजे, नाहीतर सर्चमध्ये एक भाव आणि पानावर दुसरा असा तमाशा होतो.

लिंका

दुसऱ्या साइटने तुमच्याकडे लिंक देणं म्हणजे गुगलच्या दृष्टीने शिफारस, 1998 पासून त्यांचा धंदा त्या कल्पनेवर उभा आहे. आणि म्हणूनच लिंकांचा काळा बाजार पण आहे. 'दोन हजारात पाचशे बॅकलिंक' असा मेसेज आला की ब्लॉक करा, असल्या लिंका गुगल सरळ मोजत नाही आणि कधी साइटवर कारवाईही होते. खऱ्या लिंका हळूहळू येतात पण येतात. गावातल्या होमस्टेवाल्याच्या साइटवर 'आंबा इथून घ्या' म्हणून तुमचं नाव आणि तुमच्या साइटवर त्याचं. तुम्ही पेट्या पाठवता त्या सोसायटीचं किंवा महाराष्ट्र मंडळाचं पान. जिल्ह्याच्या पेपरला मोहोराची, हवामानाची बातमी करायला बागायतदार लागतोच, बोलायला तयार राहा आणि बातमीत साइटचा पत्ता द्यायला सांगा. पेट्यांचं ते वजनाचं पान चांगलं झालं असेल तर आमरसाच्या रेसिपीवाले स्वतःहून लिंक देतील.

महिन्यातून एकदा बसायचं

सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्स उघडा, क्लिक, इम्प्रेशन (सर्चमध्ये किती वेळा दिसलात) आणि पोझिशन (सरासरी कितव्या नंबरला) चालू करा. रोज बघून जीव खालीवर करू नका, महिन्यातून एकदा पुरे. स्वतःच्या फोनवर शोधून 'आपण तिसरे आलो' असं म्हणण्याला अर्थ नाही, जागा आणि आधी काय शोधलंय त्याप्रमाणे गुगल प्रत्येकाला थोडं वेगळं दाखवतं. तुम्हाला हवेत ते शब्द ज्यांची पोझिशन आठ ते वीसच्या मधे आहे आणि इम्प्रेशन बऱ्यापैकी आहेत, म्हणजे गुगल तुम्हाला दारापर्यंत आणतंय पण आत घेत नाहीये. समजा 'हापूस किती दिवसांत पिकतो' यावर तुम्ही बाराव्या नंबरला आहात. ते पान उघडा आणि बघा, या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन वाक्यांत आहे का, का आधी चार परिच्छेद कोकणच्या सौंदर्यावर आहेत? उत्तर वर आणा, रोजचा एक असे अढीतले फोटो टाका, हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत, आणि पेटीवाल्या पानावरून या पानाला लिंक द्या. मग महिनाभर हात लावू नका.

आणि इम्प्रेशन भरपूर पण क्लिक नाहीत, पोझिशनही चांगली, असं दिसलं तर दोष टायटलचा असू शकतो, किंवा गुगल वरतीच एआयचं उत्तर देऊन मोकळं होतंय. एआयच्या उत्तरावर आपला इलाज नाही, पण भाव, बुकिंग, घरपोच असे शब्द शोधणाऱ्याला शेवटी कुणाच्यातरी साइटवर यावंच लागतं, म्हणून विक्रीचं पान आधी मजबूत करा आणि माहितीची पानं त्याच्या मागे.

सर्च कन्सोल फक्त 16 महिन्यांचा हिशोब ठेवतं. आपला धंदा मार्च ते मे, म्हणून यंदाचा सीझन गेल्या सीझनशी ताडून बघायचा असेल तर जूनमध्येच बसा. ऑगस्ट उजाडेपर्यंत गेल्या वर्षीचा मार्च त्यातून गळून गेलेला असतो. दोन्ही वर्षांचे आकडे शीटमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा, कुठले शब्द वाढले, कुठली पानं पडली ते तिथेच शेजारी लिहा, आणि ऑक्टोबरमध्ये काम सुरू करताना ती शीट उघडा.